घटनेला पहिलं नाव कोणी दिलं? कामावर घडलेल्या गोष्टीची संगती लावण्याची रीत

सकाळी सात वाजता पाळी बदलताना काही बिघडलेलं सापडलं, की तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजपासून ऐरोलीच्या कॉल सेंटरपर्यंत पहिला प्रश्न एकच असतो: "कुणाच्या पाळीत झालं?" त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. तासाभरात घटनेला नावही पडतं. "ऑपरेटरचा निष्काळजीपणा", "मेंटेनन्सने लक्ष दिलं नाही", "कॉन्ट्रॅक्टची माणसं अशीच". त्यानंतर होणारी चौकशी या नावाला पुरावे गोळा करत बसते. खुलासा मागवला जातो, मेमो निघतो, आणि दोन महिन्यांनी तीच गोष्ट दुसऱ्या पाळीत होते.

संस्थेतली माणसं घडलेल्या गोष्टीचा अर्थ कसा लावतात, या विषयावर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल वाइक यांनी अनेक दशकं काम केलं. त्यांच्या मांडणीतला कामाचा भाग असा. माणूस समोर जे दिसतं त्यातल्या दोन-चार खुणा उचलतो, त्यांना ओळखीचं नाव देतो आणि त्या नावाप्रमाणे वागतो. त्याला अचूक चित्र लागत नाही, पटण्याजोगं पुरतं. एकदा नाव पडलं, की त्यात न बसणाऱ्या खुणा डोळ्यांसमोर असूनही दिसेनाशा होतात.

त्यांनी अभ्यासलेली एक घटना इथे सांगायलाच हवी. ५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यातल्या मान गल्च या दरीत वणवा विझवायला विमानातून जवान उतरले. ही "दहाची आग" आहे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात येणारी आहे, असं त्यांनी धरलं होतं. आग त्या नावासारखी वागत नव्हती, तरी नाव टिकून राहिलं. शेवटी ज्वाळा मागे लागल्यावर फोरमन वॅग्नर डॉज यांनी स्वतःच्या पुढचं सुकं गवत पेटवलं, जळालेल्या राखेत ते आडवे झाले आणि इतरांना तिथे बोलावलं. पळताना समोर आग लावणारा माणूस काय करतोय, हे कुणाला उमगेना. कोणी आलं नाही. १३ जण गेले, डॉज वाचले. त्यांचा उपाय बरोबर होता, पण त्या क्षणी तो कुणाच्या ओळखीचा नव्हता आणि समजावून सांगायला वेळ उरला नव्हता.

आपल्या कारखान्यात, गोदामात किंवा ऑफिसात इतकं भयंकर काही होत नाही, पण यंत्रणा तीच असते. म्हणून इथे दिलेली सगळी रीत एका गोष्टीभोवती फिरते. घटना घडत असताना तिला कोणी, केव्हा, काय नाव दिलं, हे शोधायचं आणि आपल्या बैठकीत नवं नाव घाईने पडू द्यायचं नाही.

कोणत्या घटनांसाठी

माल खराब झाला, चुकीचं पार्सल न्हावा-शेव्याच्या कंटेनरमध्ये भरलं गेलं, सर्व्हर दोन तास बंद राहिला, ग्राहकाची तक्रार तीन टेबलांवरून फिरून परत आली, थोडक्यात अपघात टळला. अशा घटनांना ही रीत लागू पडते. कुणाला गंभीर इजा झाली असेल तर आधी उपचार, मग औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला म्हणजे डिशला आणि पोलिसांना कळवणं. ते काम वेगळं, त्याचे कागद वेगळे. शिस्तभंगाची कारवाई करायचीच असेल तर तीही पूर्णपणे वेगळी ठेवा, माणसंही वेगळी नेमा. दोन्ही कामं एकाच खोलीत झाली तर दुसऱ्या दिवसापासून कोणी खरं बोलणार नाही.

पुढचं सगळं एका उदाहरणावर दाखवतो. समजा, तुर्भ्याला फ्रोझन मालाचं एक कोल्ड स्टोरेज आहे. फ्रिऑन या गॅसवर चालणारी थंड करण्याची यंत्रणा, खोलीचं तापमान उणे १८ अंश. जुलै महिना. सकाळी ६.२० ला पुढच्या पाळीचा सुपरवायझर डिस्प्ले बघतो, तर उणे ७. वरच्या थरातल्या मटारच्या खोक्यांचे कोपरे ओले आणि मऊ.

पहिले दोन तास: खुणा जपा

आधी माल वाचवा, यंत्र सुरक्षित करा. त्याच वेळी एका माणसाला फक्त खुणा गोळा करायला मोकळा ठेवा. हा माणूस त्या पाळीचा नसावा.

पॅनेलचा फोटो घ्या: कोणते दिवे लागलेत, कोणते बंद आहेत. हे रीसेट करायच्या आधी करायचं. फिटर आला की तो सवयीने आधी रीसेट दाबतो आणि अर्धी गोष्ट तिथेच पुसली जाते.

मग घड्याळं जुळवा. हे काम जवळजवळ सगळेच विसरतात. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, तापमान आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर, बायोमेट्रिक हजेरी आणि गेटवरचं रजिस्टर, चारही घड्याळं वेगळी चालतात. मोबाईलवर सेकंदासकट वेळ उघडा, तो मोबाईल डीव्हीआरच्या स्क्रीनला लावून फोटो घ्या. लॉगरपाशीही तेच. डीव्हीआर सहा मिनिटं पुढे असेल तर कॅमेऱ्यातली ३.२१ म्हणजे खरी ३.१५. ही सहा मिनिटं न काढल्यामुळे "अलार्म वाजला तेव्हा हा खुर्चीवर नव्हता" असा खोटा ठपका माणसावर बसू शकतो.

फुटेज त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवा. डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसून त्यावर नवं लिहितो, आणि लहान डिस्कवर हे थोड्याच दिवसांत होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप गेला असेल तर पाठवणाऱ्याच्या फोनवर त्या मेसेजची माहिती उघडून स्क्रीनशॉट घ्या. कोणाला केव्हा पोहोचला, कोणी केव्हा वाचला, हे तिथे दिसतं. "मी कळवलं होतं" आणि "मला कळलं" यांच्यातला वेळ बहुतेक वेळा याच स्क्रीनशॉटमध्ये सापडतो.

एकेकट्याशी बोला, घरी जायच्या आधी

रात्रपाळीची माणसं कंपनीच्या बसमध्ये बसली की ठाण्याला पोहोचेपर्यंत पाच जणांच्या पाच आठवणींची एक आठवण होते. कोणी मुद्दाम करत नाही. गप्पांमध्ये ज्याचं बोलणं ठाम, त्याची गोष्ट सगळ्यांची होते. म्हणून बस सुटायच्या आधी प्रत्येकाशी दहा-पंधरा मिनिटं, एकेकट्याने बोला. पाच माणसं असतील तर विचारणारे दोघे लागतील. थांबवलेल्या वेळाचा ओव्हरटाइम द्या आणि परतीच्या गाडीची सोय आधी सांगा, नाहीतर समोरच्याचं अर्धं लक्ष घड्याळात राहील.

कोणाकोणाशी बोलायचं? त्या जागेवरून गेलेल्या प्रत्येकाशी. लोडर, वॉचमन काका, सफाईच्या मावशी, गेटवर थांबलेला टेम्पोवाला. यांची नावं घटनेच्या अहवालात सहसा येत नाहीत आणि उपयोगाची खूण बहुधा यांच्याकडेच असते.

प्रश्न चारच, याच क्रमाने:

१. तुम्हाला काय दिसलं, काय ऐकू आलं, हाताला काय लागलं?
२. त्या क्षणी तुम्हाला ते काय आहे असं वाटलं?
३. मग तुम्ही काय केलंत? काय करणार होतात, पण केलं नाहीत?
४. कोणाला सांगितलंत, आणि कोणत्या शब्दांत?

"का केलंत?" हा प्रश्न टाळा. आपल्याकडे "का" म्हटलं की माणूस खुलासा द्यायला लागतो. त्याला शाळेतला बाक आठवतो आणि तो बचावाचं कारण शोधतो. त्याऐवजी "त्या वेळी समोर काय काय होतं?" असं विचारा. कारण त्याच्या उत्तरातून आपोआप बाहेर येतं.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि चौकशीच्या फॉर्मवर तोच नसतो. तिथे दोन मिनिटं जास्त घालवा. माणूस "काही वाटलं नाही" म्हणाला तर सोडू नका. "काही वाटलं नाही म्हणजे रोजच्यासारखं वाटलं? रोज कसं असतं?" असं विचारा. "रोजच्यासारखं" हेही एक नावच आहे.

ज्या भाषेत माणूस विचार करतो त्याच भाषेत त्याला बोलू द्या आणि त्याचेच शब्द लिहा. लोडर हिंदीत म्हणाला की "अंदर आज हवा नहीं थी", तर कागदावर तेच उतरवा. "एअर सर्क्युलेशन नसल्याचे कामगाराने नमूद केले" असं शुद्ध करून लिहिलं की तो लोडर इंजिनियर असल्यासारखा भासतो. मग पुढचा प्रश्न येतो, "माहीत होतं तर सांगितलं का नाही?" त्याला माहीत नव्हतं. त्याला गार वारा तोंडावर आला नाही म्हणून बरं वाटलं होतं, एवढंच.

भिंतीवरची पट्टी

तीन मीटर खाकी कागद भिंतीला लावा. डावीकडून उजवीकडे वेळ. प्रत्येक माणसासाठी एक आडवी ओळ, आणि एक ओळ यंत्रासाठी, म्हणजे लॉगर आणि कॅमेऱ्यासाठी. चिठ्ठ्या तीन रंगांच्या घ्या. पिवळी म्हणजे जे दिसलं-ऐकलं ते, गुलाबी म्हणजे ते काय आहे असं वाटलं, निळी म्हणजे काय केलं.

आपल्या कोल्ड स्टोरेजची पट्टी अशी दिसेल. त्याआधी एक शब्द: डीफ्रॉस्ट म्हणजे कॉइलवर, म्हणजे थंड करणाऱ्या नळ्यांवर, धरलेला बर्फ वितळवण्यासाठी काही वेळ थंडी थांबवणं. तेवढा वेळ खोलीचं तापमान चढतं.

रात्री ११.०० ला चार्ज देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर म्हणाला, "डीफ्रॉस्टचा अलार्म येतोय, म्यूट करत जा, सकाळी फिटर बघेल." १.१० ते १.४० डीफ्रॉस्ट झालं. अलार्म वाजला, रात्रीच्या ऑपरेटरने १.४७ ला म्यूट केला. गुलाबी चिठ्ठी: "डीफ्रॉस्टचा आहे." २.२१ ला पुन्हा, २.५८ ला पुन्हा. दरम्यान कॉम्प्रेसर चालू झाला की लगेच कट होत होता. ऑपरेटरची पुढची गुलाबी चिठ्ठी: "लवकर कट होतोय म्हणजे खोली थंड झाली." ३.१५ ला लोडर एक पॅलेट काढायला आत गेला. पिवळी: "आत शांत होतं, हवा नव्हती." गुलाबी: "आज बरं आहे." ४.५० ला वॉचमन काकांना दाराच्या उंबऱ्यापाशी पाणी दिसलं. गुलाबी: "पावसाचं असेल." निळी: पोतं टाकलं.

यंत्राच्या ओळीवर वेगळीच गोष्ट आहे. डीफ्रॉस्ट संपल्यावर खोलीतल्या कूलिंग युनिटचे पंखे सुरूच झाले नाहीत. पंखे नसल्यामुळे खोलीतली उष्णता कॉइलपर्यंत पोहोचेना. कॉइलमध्ये गॅसला उकळायला उष्णता नाही, म्हणून परतीचा दाब पडला आणि कमी दाबाच्या कटआउटने, म्हणजे दाब पडला की यंत्र आपोआप थांबवणाऱ्या स्विचने, कॉम्प्रेसर बंद केला. म्हणजे कॉम्प्रेसर लवकर कट होणं हीच बिघाडाची खूण होती. ऑपरेटरने ती सगळं ठीक असल्याची खूण म्हणून वाचली, कारण इतर ३६४ दिवस तिचा अर्थ तोच असतो.

आता पट्टीपासून दोन पावलं मागे या आणि फक्त गुलाबी चिठ्ठ्या वाचा. "डीफ्रॉस्टचा आहे", "खोली थंड झाली", "आज बरं आहे", "पावसाचं असेल". चार माणसांकडे एकाच बिघाडाच्या चार खुणा होत्या. प्रत्येकाने आपल्या कामात बसेल असं नाव देऊन ती मिटवली. चारपैकी कोणत्याही दोन खुणा एका माणसाच्या कानावर आल्या असत्या तर सकाळ व्हायच्या आधीच दार उघडून पंखे बघितले गेले असते. आणि सगळ्यांच्या आधीचं नाव कुठे आहे? रात्री ११ ला, चार्ज देतानाच्या वाक्यात. बिघाड व्हायच्या अडीच तासांहून अधिक आधीच अलार्मचं बारसं झालं होतं.

पट्टी लावताना दोन चुका नेहमी होतात. एक, पिवळी आणि गुलाबी एकाच चिठ्ठीवर लिहिणं: "पावसाचं पाणी दिसलं." दिसलं ते पाणी, पाऊस ही समजूत. दोन, रिकाम्या जागा अंदाजाने भरणं. ३.१५ ते ४.५० मध्ये ऑपरेटरच्या ओळीवर काहीच नसेल तर ते तसंच राहू द्या, कागदावर मोठं प्रश्नचिन्ह काढा.

बैठक

घटनेनंतर दोन ते पाच दिवसांत घ्या. त्याच दिवशी राग गरम असतो. आठवड्यानंतर लोकांनी एकमेकांत गोष्ट ठरवून टाकलेली असते. माणसं सहा ते नऊ. वेळ दीड तास, त्याहून जास्त नाही. साहेबांच्या केबिनमध्ये नको, पट्टी लावली त्याच खोलीत. दुपारी तीनला पाळी बदलते तेव्हा साडेतीन ते पाच ही वेळ बरी पडते. रात्रपाळीच्या माणसाला भर दिवसा झोपेतून उठवून आणू नका, त्याची पाळी बदलून द्या.

बैठक चालवणारा त्या विभागाचा नसावा. बोलण्याचा क्रम खालून वर: लोडर, वॉचमन, ऑपरेटर, फिटर, सुपरवायझर, आणि मॅनेजर शेवटी. हा क्रम मोडला तर बाकी सगळं केलेलं वाया जातं. मॅनेजरने सुरुवातीला "मला वाटतं यात मेन प्रॉब्लेम…" एवढं म्हटलं तरी खोलीतल्या आठ जणांचं उत्तर ठरून जातं. मॅनेजर साहेब मनाने कितीही मोकळे असले तरी हे होतंच. त्यांना हे आधी बाजूला घेऊन सांगा, आणि स्वतःची गुलाबी चिठ्ठी लिहून खिशात ठेवायला सांगा. शेवटी ती उघडायची.

वेळ साधारण अशी वाटा: काय व्हायला हवं होतं यावर १० मिनिटं, पट्टी वाचण्यावर २५, निरनिराळ्या संगतींवर ३५, पुढे काय बदलायचं यावर २०. पहिल्या भागाला कमी लेखू नका. "अलार्म वाजला की काय करायला हवं होतं?" हे विचारलं की पुष्कळदा चार जण चार उत्तरं देतात, आणि घटनेचं एक मूळ तिथेच सापडतं.

पट्टी वाचताना मोठा शत्रू म्हणजे मागून आलेलं शहाणपण. शेवट माहीत झाल्यावर तो आधीपासूनच उघड होता असं वाटतं. बारूख फिशहॉफ या संशोधकाने १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की निकाल कळलेल्या लोकांना तो आधीच कळण्याजोगा होता असं वाटतं, आणि आपल्या मतावर निकालाचा परिणाम झालाय हे त्यांच्या लक्षातही येत नाही. बैठकीत हे "साधी गोष्ट आहे, दार उघडून बघायचं" अशा वाक्यातून येतं. त्यावर वाद घालू नका, मोजा. दिवसाला चार डीफ्रॉस्ट, प्रत्येक अर्ध्या तासाचं, आणि तापमानाच्या अलार्मला उशीर फक्त १५ मिनिटांचा लावलेला. म्हणजे प्रत्येक डीफ्रॉस्टला अलार्म वाजणारच. महिन्याला १२० वेळा. त्या १२० वेळा म्यूट करणं बरोबरच होतं. १२१ व्या वेळी ऑपरेटरकडे वेगळं वागायला कोणती खूण होती? हा हिशेब फळ्यावर लिहिला की खोलीतला आवाज खाली येतो.

मग निदान तीन संगती मांडा. दोन असल्या की लोक बाजू घेतात आणि सामना सुरू होतो. तिसरी आली की विचार करावा लागतो. प्रत्येक संगतीला विचारा: कोणती चिठ्ठी हिच्यात बसत नाही?

"ऑपरेटर झोपला होता." पण १.४७, २.२१, २.५८ ला म्यूट झालाय, प्रत्येक वेळी माणूस उठून पॅनेलपाशी गेलाय. बसत नाही.

"पंख्याचा भाग बिघडला, बाकी काही नाही." बिघडला हे खरं. पण मग लोडरची आणि वॉचमन काकांची चिठ्ठी कोरडीच राहते. भाग बिघडल्यावर जवळपास पाच तास कोणाला कळलं का नाही, ते यातून उलगडत नाही.

"अलार्मने स्वतःचा अर्थ गमावला होता, चार्ज देताना तो अर्थ अधिकच पुसला गेला, आणि खोलीच्या आत काय चाललंय हे दाखवणारी दुसरी खूण बाहेर नव्हती." हिच्यात बऱ्याच चिठ्ठ्या बसतात. तरी ३.१५ ते ४.५० चं प्रश्नचिन्ह उरतंच, आणि ते अहवालात उरू द्या.

एकाच घटनेच्या दोन संगती किती काळ शेजारी राहू शकतात, हे ठाणे-नवी मुंबईच्या लोकांनी पाहिलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईसह सगळ्या पट्ट्यातली वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. ऑफिसात बसलेल्यांना पहिल्या क्षणी फक्त आपल्याच इमारतीची लाइट गेली असं वाटलं. मूळ बिघाड कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्यांवरचा होता. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारकडून सायबर घातपाताची शक्यता मांडली गेली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचं सांगितलं. जिथे इतक्या मोठ्या यंत्रणांचं एकमत झालं नाही, तिथे आपल्या बैठकीत दहा मिनिटांत सगळ्यांनी माना डोलावल्या तर थांबा. मोठ्याने विचारा, "यात कोणाला काय खटकतंय?" आणि उत्तर येईपर्यंत पूर्ण एक मिनिट गप्प बसा. ते मिनिट लांब वाटतं. घड्याळात बघून मोजा.

"मानवी चूक" या दोन शब्दांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. अहवालात कारणाच्या रकान्यात हे लिहिलं असेल तर अहवाल अपुरा समजून परत पाठवावा. कारखान्यांत चालणारी "पाच वेळा का" ही पद्धतही, म्हणजे प्रत्येक उत्तराला पुन्हा "का" विचारत मुळापर्यंत जाणं, सावधपणे वापरा. यंत्राच्या बिघाडाला ती चांगली, पण ती एकाच रेषेत खाली उतरते, आणि पहिल्या "का"ला माणसाचं नाव आलं की पाचव्यापर्यंत माणसाचंच राहतं.

काय बदलायचं

दोन किंवा तीनच बदल घ्या. अकरा मुद्द्यांची यादी झाली की बाराव्या दिवशी ती कोणी उघडत नाही. प्रत्येकासमोर एक नाव आणि एक तारीख.

पहिला बदल खुणांमध्ये करा, माणसांच्या शिकवणीत नव्हे. आपल्या उदाहरणात डीफ्रॉस्ट चालू असताना आणि त्यानंतर खोली परत थंड होईपर्यंत तापमानाचा अलार्म थांबवून ठेवता येतो. म्हणजे नंतर वाजला तर त्याला अर्थ असेल. मात्र एकूण थांबण्याला कमाल मर्यादा घाला, समजा ६० मिनिटं, नाहीतर लांबलेल्या डीफ्रॉस्टचा बिघाडच झाकला जाईल. पावसाळ्यात दमट हवेने कॉइलवर बर्फ जास्त धरतो आणि डीफ्रॉस्टला वेळ लागतो, म्हणून ही मर्यादा मे महिन्यात ठरवली असेल तर जुलैत पुन्हा तपासा. पंखे खरोखर फिरतात का हे दाखवणारा दिवा बाहेर पॅनेलवर हवा, आणि तो पंख्याच्या मोटरला जाणाऱ्या करंटवरून लागायला हवा. "चालू" हा हुकूम सुटला म्हणून दिवा लागत असेल तर तो निरुपयोगी.

दुसरा बदल चार्ज देण्याच्या बोलण्यात. वाइक यांनी यासाठी पाच वाक्यांचा एक साचा सुचवला आहे. मराठीत तो असा बोलता येतो:

"माझ्या मते परिस्थिती अशी आहे."
"आपण असं करावं."
"कारण हे."
"या गोष्टीवर नजर ठेवा. ही बदलली तर माझा अंदाज चुकला समजा."
"आता तुम्ही बोला. काय पटत नाही, काय जमणार नाही?"

त्या रात्री ११ ला हे असं झालं असतं: "दादा, अलार्म येतोय, मला तो डीफ्रॉस्टचा वाटतो. म्यूट करायला हरकत नाही. कारण दर वेळी अर्ध्या तासात तापमान परत उतरतंय. पण म्यूट केल्यावर अर्ध्या तासाने डिस्प्ले बघ. उणे १५ च्या खाली गेलं नाही तर तो डीफ्रॉस्टचा नाही, मला फोन कर. तुला काही वेगळं दिसतंय का?" चाळीस-पन्नास सेकंदांचं बोलणं आहे. नाव दिलं गेलं, पण नाव केव्हा खोटं ठरेल तेही सांगितलं गेलं.

चौथं आणि पाचवं वाक्य लोक गाळतात. चौथं, कारण आपला अंदाज चुकू शकतो हे ज्युनियरसमोर म्हणायला जड जातं. पाचवं, कारण घरी जायची घाई असते. म्हणून लॉगबुकमध्ये चार्जच्या जागी दोन रकाने छापून घ्या: "कशावर नजर ठेवायची" आणि "घेणाऱ्याने काय विचारलं". दुसऱ्या रकान्यात रोज "काही नाही" दिसू लागलं तर सुपरवायझरने आठवड्यातून दोनदा चार्जच्या वेळी शेजारी उभं राहावं. ओरडायला नाही, ऐकायला.

तिसरा बदल लोडर आणि वॉचमन यांच्यासाठी. वेगळं काही दिसलं तर सांगायचं कोणाला, हे त्यांना ठाऊक हवं, आणि सांगताना त्यांना कारण द्यावं लागता कामा नये. दाराशी पाटी लावा, मराठी आणि हिंदीत: "रोजच्यापेक्षा वेगळं काही दिसलं, ऐकलं, तर ऑपरेटरला सांगा. कारण माहीत नसलं तरी चालेल." आणि ज्या दिवशी कोणी सांगायला येईल आणि ते काहीच निघणार नाही, त्या दिवशी ऑपरेटरने "बरं केलंत" म्हणायचं. पहिल्यांदाच "जा, तुझं काम कर" ऐकू आलं तर पाटी उतरवून ठेवली तरी फरक पडत नाही.

कागद आणि परत फेरी

अहवाल एकच पान. वर काय घडलं ते चार ओळींत. मध्ये पट्टीचा फोटो. खाली टिकलेली संगती, तिच्यात न बसलेल्या चिठ्ठ्या, आणि बदल, नावं, तारखा. शीर्षकाकडे लक्ष द्या. "रात्रपाळीतील दुर्लक्षामुळे मालाचे नुकसान" असं शीर्षक दिलं की फाईल उघडणारा पुढे वाचतच नाही. "१४ जुलै, खोली क्र. ३, पहाटे तापमान वाढले" एवढं पुरे.

लोडर आणि वॉचमन काकांना हे पान वाचून दाखवा, आणि त्यांच्या खुणेमुळे काय बदललं ते त्यांच्या तोंडावर सांगा. कॉन्ट्रॅक्टरमार्फत नको, स्वतः.

तीस दिवसांनी अर्धा तास परत बसा. तीनच गोष्टी बघा: या महिन्यात अलार्म किती वेळा वाजला आणि त्यातले किती खरे होते, चार्जच्या रकान्यांत काय लिहिलं गेलं, आणि पाटी वाचून कोणी काही सांगायला आलं का. १२० चा आकडा ५ वर आला असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: हे पाच कोणी, काय समजून म्यूट केले?